एकाच रिअ‍ॅक्शनचा 'के' तिघांनी काढला, उत्तरं तीन आली

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग घरची शेती धरली. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. गेली तीन वर्षं संध्याकाळी वेचणीचं वजनमाप आटोपलं की गावातल्या बारावी सायन्सच्या सहा पोरापोरींना वाचनालयाच्या खोलीत बसवून केमिस्ट्री शिकवतो. फी घेत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुलं अकरावीत गेली की सगळा विषय एकदम इंग्रजीत समोर येतो. हुशार असूनही गप्प बसतात, ते मला पाहवत नाही.

काल इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं एक गणित फळ्यावर घातलं:

फेरस (२+) + सिल्व्हर आयन (१+) ⇌ फेरिक (३+) + सिल्व्हर (घन)

सिल्व्हरचं ई नॉट (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारं, तक्त्यातलं प्रमाण व्होल्टेज) ०.८० व्होल्ट, फेरिक-फेरस या लोखंडाच्या आयनजोडीचं ०.७७. फरक ०.०३. यावरून २५ अंशांना समतोल स्थिरांक, म्हणजे रिअ‍ॅक्शन कुठवर जाईल ते सांगणारा के, काढायचा.

पहिल्या मुलीनं एन (सरकणारे इलेक्ट्रॉन) = १ धरला. लॉग के = ०.०३ ÷ ०.०५९२ = ०.५०७, अँटिलॉग घेऊन के = ३.२.

दुसरीनं समीकरणाला दोनानं गुणलं. दोन फेरस, दोन सिल्व्हर आयन, एन = २. लॉग के = २ × ०.०३ ÷ ०.०५९२ = १.०१४, के = १०.३.

तिसऱ्या पोराचं म्हणणं असं की समीकरण दुप्पट केलं तर व्होल्टेजही दुप्पट व्हायला पाहिजे. ०.०६ धरून त्याचं उत्तर आलं १०६.

त्यातच एका छापील गाइडात समीकरण एकेरी लिहून उत्तर मात्र १०.३ दिलेलं निघालं. पोरी भांडायलाच उठल्या.

तिसरं उत्तर चूक आहे हे मला कळतं. पण ते का चूक, हे त्या पोराच्या डोक्यात बसेल असं मला काल सांगता आलं नाही. 'तसा नियम आहे, पाठ कर' म्हणणं मला जमत नाही. शिवाय पहिल्या दोन पोरींपैकी बरोबर कोण? बोर्डाच्या पेपरला दोन महिने राहिले आहेत. कुणी नीट समजावून सांगाल का? मुलांना हा धागाच वाचायला देणार आहे.

निवृत्त_शिक्षक_वरोरा

भाऊ, तुमचा धागा वाचून समाधान वाटलं. मी ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. हीच गफलत दरवर्षी पाहिली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी पहिल्या दोघींचं. दोघीही बरोबर आहेत. के हा रिअ‍ॅक्शनचा स्थिरांक आहे असं आपण बोलताना म्हणतो, पण तो खरं तर *लिहिलेल्या समीकरणाचा* स्थिरांक असतो. एकेरी समीकरणाचा के असा:

के = [फेरिक] ÷ ( [फेरस] × [सिल्व्हर आयन] )

घन चांदी यात येत नाही. ती चिमूटभर असो की तोळाभर, असली म्हणजे पुरे. आता समीकरण दुप्पट केलं की प्रत्येक संहतीचा, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचा, वर्ग होतो, म्हणून नवा के हा जुन्याचा वर्ग. ३.२१ चा वर्ग करून पाहा, १०.३ येतो. फ्लास्कमधल्या द्रावणात यानं काडीचाही फरक पडत नाही, आपली मोजायची तऱ्हा तेवढी बदलली. समीकरण उलटं लिहिलं तर के होतो १ ÷ ३.२, म्हणजे सुमारे ०.३१. तेही बरोबरच.

म्हणून मी वर्गात एक शिस्त ठेवली होती. उत्तर लिहिताना के च्या शेजारी समीकरण लिहायचंच. ते नसेल तर अर्धा मार्क कापायचो. त्या गाइडात समीकरण एक आणि आकडा दुसऱ्याचा, हे वाईट आहे, मुलांचा स्वतःवरचा भरवसा उडतो अशानं.

तिसऱ्या पोराची चूक मात्र मोलाची आहे, कारण त्यानं विचार करून केली आहे. त्याला विचारा, व्होल्ट म्हणजे काय? एक कुलोंब विद्युतभार सरकताना मिळणारी ऊर्जा. दर कुलोंबमागं. आपण दोन मोल घेतले तर दुप्पट भार सरकेल, पण प्रत्येक कुलोंबमागची ऊर्जा तीच राहील.

कास्तकार_आर्ट्सवाला

सर, मी आर्ट्सवाला माणूस, पण धागा वाचून राहिलो. म्हणजे हे भाव अन् वजनासारखं हाय का? कापसाचा भाव क्विंटलमागं ठरते. एक क्विंटल नेला काय अन् दोन नेले काय, भाव तोच राहते. पट्टीवर पैसे दुप्पट येते.

निवृत्त_शिक्षक_वरोरा

भाऊ, हे उदाहरण मला ३१ वर्षांत सुचलं नाही. अगदी हेच.

भाव म्हणजे ई नॉट. वजन म्हणजे एन, किती मोल इलेक्ट्रॉन सरकले ते. पट्टीवरची रक्कम म्हणजे डेल्टा जी, एकूण मिळणारी मुक्त ऊर्जा. तिचं सूत्र:

डेल्टा जी नॉट = − एन × एफ × ई नॉट

एफ म्हणजे फॅरेडे, एक मोल इलेक्ट्रॉनांवरचा भार, ९६,४८५ कुलोंब. आपल्या एकेरी समीकरणात ९६,४८५ × ०.०३ म्हणजे साधारण २,९०० ज्यूल. दुहेरीत ५,८००. रक्कम दुप्पट झाली, भाव ०.०३ च. त्या पोरानं भावही दुप्पट केला आणि वजनही, म्हणून त्याची रक्कम चौपट झाली आणि के गेला १०६ वर.

आणि के चा थेट संबंध या रकमेशी आहे:

डेल्टा जी नॉट = − २.३०३ × आर × टी × लॉग के

दोन्ही उजव्या बाजू सारख्या ठेवा. आर म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४; टी म्हणजे तापमान, २९८.१५ केल्व्हिन. २.३०३ × ८.३१४ × २९८.१५ ला ९६,४८५ नं भागलं की ०.०५९२ येतो. मुलांना हा भागाकार एकदा हातानं करायला लावा. तो आकडा कुठून आला हे ज्यानं स्वतः पाहिलं, तो पेपरात घाबरत नाही.

पऱ्हाटीवाला

सर, खूप खूप आभार. कास्तकार भाऊ, तुमचेही. आज संध्याकाळी कापसाच्या भावावरूनच सुरुवात करतो. त्या पोराच्या घरी पंधरा एकर पऱ्हाटी आहे, त्याला हे लगेच उमगेल.

बारावीची_मी

नमस्कार. मी १०.३ वाली. काकांनी धागा उघडून दिला.

मला एक विचारायचं आहे. के जर ३.२ आहे, म्हणजे एकापेक्षा जास्त, तर रिअ‍ॅक्शन पुढच्या बाजूला जास्त झाली पाहिजे ना? मी ०.१ मोलर फेरस आणि ०.१ मोलर सिल्व्हर आयन धरून करून पाहिलं. एक्स मोलर फेरिक तयार झालं असं धरलं:

एक्स ÷ (०.१ − एक्स)² = ३.२

हे वर्गसमीकरण सोडवलं तर एक्स = ०.०२०३ आलं. म्हणजे शंभरातले वीसच बदलले, ऐंशी तसेच. माझं चुकलं का?

निवृत्त_शिक्षक_वरोरा

बेटा, चुकलं नाही. ताळा करून पाहा: ०.०२०३ भागिले ०.०७९७ चा वर्ग, ३.२ येतो.

'के एकापेक्षा मोठा म्हणजे निम्म्याहून जास्त रिअ‍ॅक्शन' हा नियम फक्त दोन्ही बाजूंना द्रावणातल्या कणांची संख्या सारखी असते तेव्हाच धड लागतो. इथं डावीकडं द्रावणात दोन आयन आहेत, उजवीकडं एकच, कारण चांदी घन होऊन खाली बसते. अशा वेळी द्रावण जितकं पातळ, तितका समतोल दोन आयनांच्या बाजूला झुकतो. तूच करून पाहा: दोन्ही १ मोलर घेतले तर एक्स ०.५८ येईल, म्हणजे ५८ टक्के. दोन्ही ०.०१ मोलर घेतले तर जेमतेम ३ टक्के. के तिन्हीकडं ३.२ च.

तुझ्या प्रश्नावरून दिसतं की तू आकडा काढून थांबत नाहीस. अशीच विचारत राहा.

वैनगंगेकाठी

छान चाललंय. आमच्याकडं, गडचिरोली बाजूला, बऱ्याच हापशांच्या पाण्यात लोखंड असतं. पाणी भरतो तेव्हा काचेसारखं निर्मळ, आणि सकाळी गुंडाच्या (पाण्याच्या भांड्याच्या) तळाशी लालसर गाळ. पांढरे कपडे पिवळे पडतात. हीपण फेरस-फेरिकचीच रिअ‍ॅक्शन ना? याचा के किती?

निवृत्त_शिक्षक_वरोरा

तीच जोडी. फक्त इथं इलेक्ट्रॉन घेणारा हवेतला ऑक्सिजन आहे. चार फेरस, एक ऑक्सिजन, चार हायड्रोजन आयन मिळून चार फेरिक आणि दोन पाणी. ऑक्सिजनचं ई नॉट १.२३, वजा ०.७७, राहिले ०.४६. एन = ४. लॉग के = १.८४ ÷ ०.०५९२ = ३१. म्हणजे एकावर एकतीस शून्यं. शिवाय १.२३ हा आकडा १ मोलर आम्लातला आहे. साध्या, तटस्थ पाण्यात तो ०.८२ पर्यंत उतरतो, पण तिथं फेरिक लगेच हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसतं आणि रिअ‍ॅक्शनला पुढंच ओढत नेतं. तुमच्या गुंडातला लाल गाळ तो हाच.

आता पाहा, के एवढा अवाढव्य असूनही गाळ यायला रात्र लागते. के वेगाबद्दल काहीच सांगत नाही. कुठवर जाईल ते सांगतो, केव्हा पोचेल ते नाही.

तुमसरचा

भंडारा जिल्ह्यातून. आमच्या तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथला मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कारखान्यांना जातो. लहानपणी टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड आम्ही हाताला फासायचो. तीच आपल्या डोंगरातली वस्तू हे फार उशिरा कळलं.

त्यावरून एक मुद्दा, कारण माझा मुलगा यात अडकला होता. 'समतोलाला सेलचं व्होल्टेज शून्य होतं' असं पुस्तकात वाचून तो ई नॉट शून्य धरायचा आणि के सगळीकडं १ काढायचा. ई आणि ई नॉट वेगळे. ई नॉट म्हणजे सगळ्या संहती १ मोलर असतानाचं व्होल्टेज, तक्त्यातला कायमचा आकडा. ई म्हणजे या घडीला सेलचं खरं व्होल्टेज. नर्न्स्टचं समीकरण दोघांना जोडतं:

ई = ई नॉट − (०.०५९२ ÷ एन) × लॉग क्यू

क्यू म्हणजे या घडीच्या संहती के च्याच सूत्रात घालून येणारा आकडा. सेल वापरत गेलं की क्यू वाढत जातो, ई उतरत जातो. ज्या क्षणी ई शून्य होतो त्या क्षणी क्यू म्हणजेच के. त्या ओळीत ई च्या जागी शून्य घातलं की लॉग के चं सूत्र आपसूक मिळतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

(टॉर्चचा सेल खऱ्या आयुष्यात समतोलाला पोचायच्या आधीच निकामी होतो, जस्त खाल्लं जातं, आतला रोध वाढतो. पण तत्त्व हेच.)

पऱ्हाटीवाला

तुमसरकर, हे फार उपयोगी. नर्न्स्टनं हे १८८९ मध्ये मांडलं आणि १९२० चं नोबेल मिळवलं एवढंच मी सांगत होतो. शून्य कुठं घालायचा हे ठसवायला हवं होतं.

काल कापसाच्या भावानं काम केलं. १०६ वाल्या पोरानं स्वतः उठून फळ्यावर दुरुस्ती केली. नंतर त्यालाच डॅनियल सेलचं, म्हणजे जस्त-तांब्याच्या सेलचं, गणित दिलं. १.१० व्होल्ट, एन २, लॉग के ३७.१६, अँटिलॉग टेबलात ०.१६ पाहून १.४५, म्हणजे के = १.४५ × १० चा ३७ वा घात. पुस्तकात २ × १० चा ३७ वा घात दिलाय म्हणून तो हिरमुसला. फरक फक्त ०.०५९ घेतलं की ०.०५९२ याचा. घातांकात बसलेली एवढीशी चूक बाहेर येताना केवढी होते, हे त्याला दाखवता आलं. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून सगळी गणितं टेबलवरूनच करून घेतो.

लॅबची_ताई

मी वणीतच एका ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. धागा रोज वाचते आहे. डॅनियल सेलसारख्या उदाहरणांत के इतका मोठा असतो की मुलांना 'रिव्हर्सिबल' शब्दाचा अर्थच लागत नाही, कारण ती रिअ‍ॅक्शन मागं फिरताना दिसणारच नाही. फेरस आणि सिल्व्हरची मात्र खरोखर दोन्हीकडं जाते, आणि तिचा के टायट्रेशननं (माहीत असलेलं द्रावण मोजून थेंब थेंब घालून) मोजता येतो. आमच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत हा प्रयोग नाही, पण मी तो करून पाहिला आहे.

फेरसचं ताजं द्रावण आणि सिल्व्हर नायट्रेट समान आकारमानात मिसळायचं. बाटली बूच लावून रात्रभर ठेवायची. सकाळी तळाशी करडी चांदी बसलेली दिसते, आणि वरचं द्रावण जरासं पिवळसर. गाळून घ्यायचं आणि उरलेले सिल्व्हर आयन पोटॅशियम थायोसायनेटनं टायट्रेट करायचे. वेगळा इंडिकेटर लागत नाही. तयार झालेलं फेरिकच ते काम करतं: सगळं सिल्व्हर पांढऱ्या साक्यात गेलं की पुढचा थेंब फेरिकला भेटतो आणि रक्तासारखा लाल रंग येतो. पहिल्यांदा तो रंग आला तेव्हा मी बराच वेळ फ्लास्क हातात धरून उभी होते.

सिल्व्हर किती उरलं ते कळलं की फेरस किती उरलं आणि फेरिक किती झालं हे वजाबाकीनं मिळतं. तीन आकडे सूत्रात घातले की के.

पण दोन ठिकाणी माझं चुकलं होतं, ते सांगते. पहिल्यांदा मी सरळ फेरस सल्फेट वापरलं. सिल्व्हर सल्फेट फारसं विरघळत नाही, त्यामुळे चांदीसोबत तेही खाली बसायला लागलं आणि हिशोब बिघडला. मग फेरस सल्फेटमध्ये तेवढंच बेरियम नायट्रेट घालून बेरियम सल्फेट गाळून टाकलं आणि खाली आलेलं फेरस नायट्रेट लगेच वापरलं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, मुलांच्या हाती ते द्यायचे नाहीत, ही पायरी मोठ्यांनीच करायची. दुसरं, फेरसचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवलं तर ते हवेनंच फेरिक व्हायला लागतं. वरच्या हापशीच्या गुंडासारखं.

पूर्णाकाठचा

ताई, तिसरी गोष्ट मी घालतो. मी अकोला जिल्ह्यातला, खारपाणपट्ट्यातला. आमच्या विहिरीचं पाणी सिल्व्हर नायट्रेटमध्ये पडलं की दुधासारखं पांढरं होतं, इतके क्लोराइड. कॉलेजात असताना आमच्या लॅबमध्ये एकदा डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून आम्ही साधं पाणी घेतलं होतं, अन् महागाची बाटली वाया गेली. भांडी विसळतानाही शेवटचं पाणी डिस्टिल्डच पाहिजे.

लॅबची_ताई

अगदी बरोबर. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, आणि हाताला लागलं तर काळे डाग पडतात ते आठवडाभर जात नाहीत. हातमोजे लागतात.

अजून एक. प्रयोगातून उत्तर ३.२ येणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. तक्त्यातले ई नॉट आदर्श द्रावणाचे असतात. आपल्या फ्लास्कमध्ये आयनांची गर्दी असते, आणि फेरिकवर तीन भार असल्यामुळे गर्दीचा परिणाम त्याच्यावर सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे संहतींवरून मोजलेला के जास्त येतो. शिवाय मूळ फरकच ०.०३ एवढासा. त्यात १० मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले तरी के जवळजवळ दीडपट होतो. तक्त्यात ०.७९९६ आणि ०.७७१ घेतलं तर लगेच ३.२ चा ३.० होतो.

बारावीची_मी

ताई, आम्हाला हा प्रयोग पाहायला मिळेल का?

आणि सर, अजून एक विचारू? ०.०५९२ हा आकडा २५ अंशांचा आहे. आमच्याकडं मे महिन्यात ४५ होतं. मी टी = ३१८.१५ घालून पाहिलं तर ०.०५९२ च्या जागी ०.०६३१ येतो. मग लॉग के = ०.०३ ÷ ०.०६३१ = ०.४७५, के = ३.०. म्हणजे उन्हानं फारसा फरक पडत नाही असं समजायचं का?

निवृत्त_शिक्षक_वरोरा

बेटा, हा प्रश्न मी बी.एस्सी.च्या मुलांकडूनही क्वचित ऐकला आहे. तुझी एक बाजू सुटली. तापमान बदललं की नुसता ०.०५९२ बदलत नाही, ई नॉटसुद्धा बदलतो. तक्त्यातले ०.८० आणि ०.७७ हेही २५ अंशांचेच आहेत.

ई नॉट किती बदलतो ते एन्ट्रॉपीवरून, म्हणजे विस्कळीतपणाच्या मापावरून, काढता येतं. आपल्या रिअ‍ॅक्शनमध्ये दोन आयन जाऊन एक तिहेरी भाराचा आयन येतो, जो भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट आवळून बसवतो, आणि एक घन. म्हणजे विस्कळीतपणा खूप घटतो. तक्त्यांवरून डेल्टा एस नॉट, म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, सुमारे उणे २०८ ज्यूल प्रति केल्व्हिन येतो. त्याला ९६,४८५ नं भागलं की दर अंशाला ई नॉट सुमारे २.१६ मिलिव्होल्टनं उतरतो. २० अंश वाढले म्हणजे ४३ मिलिव्होल्ट गेले. आपल्याकडं होते एकूण ३०.

आता पुढचं तू काढ.

बारावीची_मी

सर, ०.०३० − ०.०४३ = −०.०१३ व्होल्ट. उणे आलं!

लॉग के = −०.०१३ ÷ ०.०६३१ = −०.२१. अँटिलॉग घेताना आधी बार एक करावा लागला, मग के = ०.६२.

म्हणजे २५ अंशांना ३.२ आणि ४५ ला ०.६. मग परत ०.१ मोलरचं वर्गसमीकरण सोडवलं. एक्स ०.००५५ आला. शंभरातले वीस बदलत होते, आता साडेपाच.

निवृत्त_शिक्षक_वरोरा

शाब्बास. दुसऱ्या वाटेनंही ताळा करून ठेव. ही रिअ‍ॅक्शन सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. तापमानानं के कसा बदलतो ते सांगणाऱ्या व्हॅन्ट हॉफच्या समीकरणात तो आकडा घातलास तरी ०.६२ च येतो. उष्णता टाकणाऱ्या रिअ‍ॅक्शनला ऊन दिलं की ती मागं सरते, हे ल शातलिएचं तत्त्व तू अकरावीत शब्दांत शिकलीस. आज आकड्यात पाहिलंस.

कास्तकार_आर्ट्सवाला

म्हणजे हिवाळ्यात खाली बसलेली चांदी उन्हाळ्यात परत पाण्यात जाते?

लॅबची_ताई

हो भाऊ, सगळी नाही, पण बरीचशी. आणि ते पाहण्यासाठी मेपर्यंत थांबायला नको. वॉटर बाथ आहे आमच्याकडं.

पऱ्हाटीवाले दादा, मी आमच्या सरांशी बोलले, त्यांची परवानगी आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी दोन बाटल्या मिसळून ठेवते. शनिवारी सकाळी साडेदहाला मुलांना घेऊन या. एक बाटली तशीच गाळून टायट्रेट करू. दुसरी चांदीसकट ४५ अंशांच्या पाण्यात ठेवू, मधूनमधून हलवत राहू, आणि दुपारी गरम असतानाच गाळून टायट्रेट करू. दुसऱ्या बाटलीला थायोसायनेट जास्त लागलं पाहिजे. किती जास्त, ते मुलांनी शुक्रवारी आपापल्या वहीत आधी काढून आणायचं.

पऱ्हाटीवाला

ताई, सहाही जण येतो. एसटी साडेनऊला पोचवते. १०६ वाल्या पोरानं आताच विचारलं की ब्युरेट त्याला धरायला मिळेल का.

लॅबची_ताई

त्यालाच देऊ.